एकच भरवशाची सेटर आणि उंची कमी : मुलींच्या कॉलेज संघासाठी ५-१ की ६-२? पुढच्या वर्षासाठी मुली कशा शोधाव्यात?

प्रश्न : मैदानावर_सकाळी

सिनियर कॉलेजचा मुलींचा व्हॉलीबॉल संघ आहे, शिवाजी विद्यापीठाच्या सातारा झोनमधला. झोनल आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना सात आठवडे आहेत. संघ असा :

सेटर (मारणारीला बॉल उचलून देणारी) १५८ सेंमी. बोटं मऊ, सर्व्हिस चांगली, ब्लॉक शून्य. दुसरी सेटर एफवायची, १६३. समोरचा सेट नीट देते, मागे देताना बॉल नेटवर जातो. सर्व्हिस बरी.
आउटसाइड (डावीकडून मारणाऱ्या) दोघी. ‘अ’ १६९, जोरात मारते, पण रिसिव्ह (समोरची सर्व्हिस उचलणं) कच्चा. ‘ब’ १६४, रिसिव्ह पक्का, प्लेसिंगवर गुण काढते.
मिडल (नेटच्या मधोमध ब्लॉक करणाऱ्या आणि मारणाऱ्या) दोघी, १७३ आणि १७०. १७३ वाली उंच उडीतून आलेली. १७० वाली जुनी खेळाडू, डिगही (समोरचा स्मॅश खालून उचलणं) करते.
अपोझिट (रोटेशनमध्ये सेटरच्या समोरची, उजवीकडून मारणारी) १६७. लिबेरो (फक्त मागच्या रांगेत बचावाला खेळणारी) चांगली. बाकावर १७१ ची एक मुलगी, फक्त मारता येतं. शिवाय मागच्या रांगेत उभी करता येईल अशी एक.

अडचण अशी की सेटर पुढच्या रांगेत आली की सलग पाच-सहा गुण जातात. अमेरिकन विद्यापीठांचे सामने ऑनलाइन बघतो, तिथे बरेच संघ आमच्यासारखं ५-१ (एकच सेटर) न खेळता ६-२ (दोन सेटर, मागच्या रांगेत असेल ती सेट देते) खेळतात आणि पुढे कायम तीन मारणाऱ्या असतात. तसं करावं का? आणि पुढच्या वर्षी दोन मिडल पास आउट होतील. प्रवेशाच्या वेळी नेमकं काय बघायचं?

उत्तर १ : तिसरा_टच

सर, अमेरिकेचं ६-२ इथे जसंच्या तसं चालणार नाही. तिथल्या कॉलेज मुलींच्या नियमात एका सेटला १५ बदल मिळतात, आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमाने ६. शिवाय सुरुवातीची खेळाडू एकदाच बाहेर जाऊन एकदाच परत येऊ शकते, तीही स्वतःच्याच जागी. त्यांची लिबेरो एका रोटेशनमध्ये सर्व्हिसही करते, आपली करू शकत नाही. ते संघ दर तीन रोटेशनला सेटर आणि अपोझिट दोघींना बदलत राहतात. तुम्ही तसं केलंत तर एका फेरीत चार बदल संपले. बदल न करता ६-२ खेळायचं तर दोन्ही सेटरना पुढे आल्यावर स्मॅश मारता आला पाहिजे. तुमच्या १५८ कडून ते होणार नाही.

म्हणून ५-१ च ठेवा आणि ते सहा बदल नीट खर्च करा. सुरुवात अशी (१ म्हणजे मागे उजवीकडे, सर्व्हिसची जागा; २, ३, ४ पुढे उजवीकडून डावीकडे; ५ मागे डावीकडे, ६ मागे मधे; सर्व्हिस परत मिळाली की २ वरची १ वर, १ वरची ६ वर अशा सगळ्या एकेक जागा सरकतात) :

१ सेटर, २ आउटसाइड ‘अ’, ३ मिडल १७०, ४ अपोझिट, ५ आउटसाइड ‘ब’, ६ मिडल १७३.

‘अ’ ला सेटरच्या शेजारी २ वर का? सेटर पुढे असते ती तीन रोटेशन, म्हणजे ती ४, ३ आणि २ वर असताना. त्यातल्या ३ आणि २ वेळी ‘अ’ पुढे असते. दोनच मारणाऱ्या असताना जोरात मारणारी त्यातली एक हवी. १७३ ची मिडलही सेटरच्या दुसऱ्या शेजारी ठेवली, कारण ती सेटर ४ आणि ३ वर असताना पुढे येते. अनेक संघांत नेमकं उलटं असतं. चांगली आउटसाइड सेटरपासून लांब, आणि मग सेटर पुढे आली की संघ आपोआप लंगडा होतो. तुमचं सध्याचं रोटेशन आधी तपासा. अर्धं दुखणं तिथेच असेल.

आता डबल चेंज. सेटर ५ वरून ४ वर सरकते तेव्हा अपोझिट १ वर सर्व्हिसला येते. त्याच क्षणी सेटरच्या जागी बाकावरची १७१ आणि अपोझिटच्या जागी दुसरी सेटर. पुढची तीन रोटेशन पुढे तीन मारणाऱ्या. दुसरी सेटर थेट सर्व्हिसलाच येते, त्यामुळे तिची सर्व्हिस आत पडलीच पाहिजे. नाहीतर बदल करून पहिलाच गुण दिलात. तीन रोटेशननंतर दोघी परत. एकूण चार बदल. उरलेले दोन ‘अ’ मागे गेल्यावर तिच्या जागी मागची मुलगी आणायला आणि परत घ्यायला.

हे सगळं सेटमध्ये एकदाच होतं. पंचवीस गुणांच्या सेटला साधारण दोन फेऱ्या होतात, म्हणून पहिल्या फेरीत उधळू नका. बारा-पंधरा गुणांच्या आसपास सेटर पुढे येईल तेव्हासाठी राखा. पहिल्या फेरीत ती पुढे असताना समोरच्या ४ नंबरवाल्या शूटरसमोर (स्मॅश मारणारीसमोर) तिला ब्लॉकला उडवण्यात अर्थ नाही. १५८ ची मुलगी हात वर करून उभी राहिली तर हात जेमतेम दोन मीटरवर जातो, नेट २.२४. उडी मारून पंजे वर निघाले तरी बॉल त्यांना लागून बाहेर जाणार. तिला तीन मीटरच्या रेषेजवळ मागे ओढा, ड्रॉप (हळूच टाकलेला बॉल) उचलायला. मिडलने सरकून एकटीने ब्लॉक करावा आणि फक्त क्रॉस बंद करावा. सरळ रेषेचा बॉल १ नंबरवालीचा. अर्धवट दोघींच्या ब्लॉकपेक्षा नीट एकटीचा बरा, कारण मागच्यांना कुठे उभं राहायचं ते कळतं.

उत्तर २ : रिसिव्ह_आधी

वरचं सगळं बरोबर आहे, पण क्रम उलटा वाटतो. झोनलला सामने डबल चेंजवर जात नाहीत, पहिल्या पासवर (रिसिव्ह करून सेटरकडे दिलेल्या बॉलवर) जातात. सेटर पुढे असताना सलग सहा गुण जातात याचं कारण दोनच मारणाऱ्या एवढंच नाही. पास नेटपासून चार मीटर लांब पडतो, मिडलला बॉल देता येत नाही, सेटर प्रत्येक वेळी ४ वर उंच बॉल टाकते आणि समोरचे आधीच तिथे दोघी ब्लॉकला उभ्या असतात.

आधी मोजा. प्रत्येक रिसिव्हला ० ते ३ गुण द्या. ३ म्हणजे सेटरला तिन्ही ठिकाणी देता येतो, २ म्हणजे दोन ठिकाणी, १ म्हणजे फक्त उंच बॉल, ० म्हणजे गुण गेला. नोंद रोटेशनप्रमाणे वेगवेगळी ठेवा. दोन सराव सामन्यांत कळेल की सेटर नक्की कोणत्या जागी असताना सरासरी दीडच्या खाली जाते. आकडा ‘अ’ च्या नावावर घसरत असेल तर तिला रिसिव्हमधून काढा. लिबेरो आणि ‘ब’ दोघीच घेतील, ‘अ’ ने कडेला अडीच मीटर पट्टी फक्त अंगावर आलेल्या बॉलसाठी सांभाळावी. दोघींत नऊ मीटर रुंदी येते, पण या पातळीवर जंप सर्व्हिस कमी, फ्लोटच (बॉल न फिरता जाणारी सर्व्हिस) जास्त. दोघी आधीच अर्धं पाऊल पुढे उभ्या राहिल्या तर जमतं. फ्लोट सर्व्हिस खाली पडताना हलते, म्हणून बॉल जितका उंचावर आणि लवकर घ्याल तितका बरा. मागे सरकत घेतलेला बॉल छातीला लागून उडतो.

पासचं टार्गेट २ आणि ३ च्या मधोमध, नेटपासून एक मीटर. सेटर ५ वर असताना तिला मैदान ओलांडून यायचं असतं, त्या रोटेशनला पास मुद्दाम उंच द्यायला लावा.

दुसरी बाजू सर्व्हिसची. समोरच्यांचा रिसिव्हही कच्चाच असतो, मग तुमच्या मुली बॉल नुसता आत टाकून मोकळ्या का होतात? दोन खेळाडूंच्या मधे किंवा शेवटच्या दोन मीटरमध्ये सर्व्हिस हवी. सरावात दहापैकी आठ आत आणि त्यातल्या पाच ठरलेल्या पट्टीत, एवढं झाल्याशिवाय मुलगी सर्व्हिसच्या सरावातून सुटणार नाही असं ठेवा. मिडलचं विशेष बघा. लिबेरो मागे येते म्हणून मिडलच्या मागच्या खेळाकडे कोणी पाहत नाही, पण सर्व्हिस तिलाच करावी लागते. दोन्ही मिडल चुकल्या तर प्रत्येक फेरीत दोन गुण फुकट.

सात आठवड्यांतले पहिले चार फक्त यात घाला. डबल चेंज शेवटच्या दोन आठवड्यांत बसतो.

आणि नेट मोजा. मधोमध २२४, दोन्ही टोकं सारखी, ती मधल्यापेक्षा जास्तीत जास्त दोन सेंमी वर. बऱ्याच मैदानांवर दोरी सैल असते आणि मधे २१८ भरतं. मुली महिनाभर त्यावर मारतात आणि सामन्यात सगळे बॉल पट्टीला लागतात.

उत्तर ३ : निवड_चाचणी

मुली शोधण्याबद्दल. सर, तुम्हाला मिडलच हव्यात हे खरं, पण फक्त उंचीचा फूटपट्टा घेऊन बसू नका. उंचीपेक्षा हात किती वर जातो ते बघा. भिंतीवर खडूने तीन खुणा करून घ्या : उभ्याने एका हाताची पोच, जागेवरून दोन हातांची ब्लॉकची उडी, धावत येऊन एका हाताची स्मॅशची उडी. १६७ ची लांब हातांची मुलगी १७१ च्या पुढे जाते, हे खडूच दाखवतो. मिडलसाठी आणखी एक गोष्ट : सलग पाच ब्लॉक उड्या मारायला लावा आणि पाचवी पहिलीपेक्षा किती घसरली ते बघा. पहिली उडी सगळ्यांची छान असते.

जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, १७ आणि १९ वर्षांखालच्या, तालुका पातळीपासून बघायला जा. फायनलला जाऊन उपयोग नाही. तिथल्या मुली सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. हरणाऱ्या संघातली एखादी मुलगी जास्त कामाची निघते. वॉर्मअपचे स्मॅश बघू नका, बॉल दुसरीकडे असताना ती काय करते ते बघा. शूटरने मारलं की कव्हरला खाली वाकते का? खराब पास आल्यावर सेटर नसलेली मुलगी ‘माझा’ म्हणून पुढे येते का? हे नंतर शिकवायला फार वेळ लागतो. स्मॅशची पावलं दोन महिन्यांत बसतात.

दुसऱ्या खेळांतूनही मुली मिळतात. भालाफेक आणि हँडबॉलवाल्यांचा खांदा तयार असतो, सर्व्हिस लवकर येते. खो-खोच्या मुली लिबेरो म्हणून उत्तम, वाकणं आणि दिशा बदलणं त्यांना सांगावं लागत नाही. उंच उडीवाल्यांची एक अडचण ठरलेली : त्या एका पायावर उडतात. मिडलला दोन पायांवर उडायची सवय लागेपर्यंत त्या नेटमध्ये जात राहतात. तुमच्या १७३ वालीलाही हेच होत असेल तर शेवटची दोन पावलं लांब-आखूड अशी करून घ्या, आखूड पाऊल नेटला समांतर.

आणि मुलींच्या संघात निवड घरच्यांशी बोलल्याशिवाय पुरी होत नाही. वडिलांना सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगा : सराव किती वाजता सुटतो, बाहेरगावी सोबत कोणत्या मॅडम असतील, परीक्षा आणि सामने एकत्र आले तर कॉलेज काय करेल. संध्याकाळचा सराव सात वाजता सुटला की शेवटची एसटी चुकते आणि डिसेंबरपर्यंत मुलगी गळते. दुसऱ्या तालुक्यातून येणाऱ्या असतील तर सकाळचा सराव ठेवा. नोकरीची स्वप्नं दाखवू नका. झोनलच्या प्रमाणपत्रावर काही मिळत नाही आणि दुसऱ्या वर्षी ते सगळ्या गावाला कळतं.

प्रवेशाच्या आठवड्यातच जन्मतारीख, बारावीचं वर्ष, गॅप आणि कॉलेज बदललं आहे का हे लिहून घ्या आणि विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकाशी ताडा. पात्रतेचा अर्ज फेटाळला जातो तो सामन्याच्या आदल्या दिवशी.

आणखी एक : दोन मिडल जात असल्या तरी मी आधी एक सेटर घेईन. तुमची दुसरी सेटर मागे देऊ शकत नाही, म्हणजे पहिलीचा घोटा मुरगळला तर तुमची अपोझिट नुसती उभी राहील.

प्रश्नकर्ता : मैदानावर_सकाळी

रोटेशन तपासलं. ‘ब’ सेटरच्या शेजारी होती आणि ‘अ’ लांब. बदलतो. एक शंका. ‘अ’ च्या जागी मागे दुसरी मुलगी आणण्यात दोन बदल जातात. त्याऐवजी लिबेरोच ‘अ’ च्या जागी आणली तर? १७० वाली मिडल मागे डिग करतेच.

उत्तर ४ : तिसरा_टच

चालतं. लिबेरो मागच्या रांगेतल्या कोणाच्याही जागी येऊ शकते, मिडलच हवी असं नाही. ‘अ’ मागे असते ती सेटर ६, ५ आणि ४ वर असताना. त्या वेळी मागे उरणारी मिडल कोण? सेटर ६ वर असताना १७३ वाली (५ वर), पुढच्या दोन्ही वेळी १७० वाली. म्हणजे नवखी मिडल एकाच रोटेशनला मागे अडकते. तिथे तिला डाव्या कोपऱ्यात शेवटच्या रेषेजवळ ठेवा, रिसिव्ह लिबेरो आणि ‘ब’ घेतील. फक्त ती ६ वरच्या सेटरच्या डावीकडेच राहिली पाहिजे, नाहीतर पोझिशन फाउल.

गोंधळ लिबेरोच्या ये-जा करण्यात होतो. तिच्या दोन बदलांमध्ये एक पूर्ण रॅली व्हावीच लागते. ‘अ’ सर्व्हिसला १ वर येते तेव्हा लिबेरो १७३ च्या जागी आधीच आत असते. सर्व्हिस गेल्यावर तिला काढून लगेच ‘अ’ च्या जागी घालता येत नाही. म्हणून ‘अ’ सर्व्हिसला जातानाच लिबेरोला बाहेर काढा, १७३ आत. एक रॅली होऊ द्या. सर्व्हिस गेली की लिबेरो ‘अ’ साठी आत.

तसंच शेवटी. सेटर ३ वर गेली की ‘अ’ ४ वर पुढे येते, लिबेरो बाहेर. त्या वेळी ५ वर १७० वाली असते आणि निदान एक रॅली तिला तिथे खेळावीच लागेल. बाकावरून लिबेरोला घाईने आत ढकलू नका. रेफ्री परत पाठवतो आणि उशिराची वॉर्निंग हातात पडते. बाकावरच्या एका मुलीला हाच हिशेब ठेवायचं काम द्या, लिबेरो कोणाच्या जागी आहे आणि रॅली झाली की नाही एवढंच.