लांडग्यांमध्ये राहून लांडगा कळतो का?

निशिगंधा, दादर

लांडग्यांची पिल्ले हाताने वाढवायची, त्यांच्यासोबत कुंपणाच्या आत तंबू ठोकून वर्षानुवर्षे राहायचे आणि मग लांडग्याचे वर्तन आपल्याला आतून समजले असे सांगायचे, या पद्धतीवरून आमच्या निसर्गमंडळात बराच वाद झाला. माझी बाजू येथे मांडते. अशा सहवासातून माणसाळलेला लांडगा कळतो, रानातला नव्हे. प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवरून कळपातील वर्चस्वाच्या चढाओढीचे वर्णन केले आणि बंदिवासातील ती भांडणे सगळ्या लांडगाजातीची रीत म्हणून जगभर पसरली. अमेरिकेचे लांडगा-अभ्यासक डेव्हिड मेक यांनीही 1970 च्या आपल्या ग्रंथात ती कल्पना स्वीकारली होती. पुढे 1986 पासून कॅनडातील एल्समियर बेटावर उन्हाळ्यांमागून उन्हाळे मोकळ्या कळपाचे निरीक्षण केल्यावर, रानातला कळप म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची लेकरे असतात, असे त्यांनीच 1999 मध्ये लिहिले. (आपल्याकडे काही साहेबलोक अजून स्वतःला ‘अल्फा’, म्हणजे वर्चस्व गाजवणारा म्होरक्या, म्हणवून घेतात, ते वेगळेच.)

हेमंत, मुलुंड

निशिगंधाताई, आपले उदाहरण आपल्याच विरोधात जाते. एल्समियरवरचा कळप मेक यांना इतका सरावला होता की ते गुहेजवळ बसून पिल्लांची देखभाल पाहू शकत होते. म्हणजे दुरुस्ती झाली तीही जवळिकीमुळेच. शिवाय काही प्रश्न दुर्बिणीने सुटतच नाहीत. ऑस्ट्रियात 2008 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे एर्न्स्टब्रुन येथे हलवलेल्या लांडगा संशोधन केंद्रात लांडगे आणि कुत्री सारख्याच पद्धतीने हाताने वाढवतात. दोघांनी एकाच वेळी दोरीची दोन टोके ओढली तरच खाऊ मिळेल अशा प्रयोगात तेथील लांडगे कुत्र्यांपेक्षा कितीतरी सरस ठरले, हा निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. हा प्रयोग रानात कसा करणार?

निशिगंधा, दादर

दोरीचा प्रयोग मला मान्य आहे, कारण तो लांडग्याच्या क्षमतेविषयी आहे आणि तेथे कुत्र्यांशी तुलना करण्याची सोय आहे. माझा आक्षेप कळपाच्या रचनेविषयीच्या दाव्यांना आहे. अमेरिकेत आयडाहो राज्यात डचर दांपत्याने 1990 ते 1996 या काळात सुमारे 25 एकरांच्या कुंपणात कळप वाढवला आणि त्यांच्यात राहून चित्रण केले. त्या कळपाला शिकार करावी लागत नव्हती, शेजारच्या कळपाशी हद्दीवरून झुंजावे लागत नव्हते, आणि मुख्य म्हणजे कोणाला निघून जाता येत नव्हते. रानात साधारण एक ते तीन वर्षांचा लांडगा घर सोडतो, जोडीदार शोधतो, नवा कळप उभा करतो. कुंपणात मात्र त्याच वयाचा, सगळ्यांचा मार खाणारा लांडगा तेथेच राहतो, आणि त्या अगतिकतेला आपण ‘सर्वांत खालचा दर्जा’ असे शास्त्रीय नाव देतो.

मेक यांच्याविषयी एवढेच सांगते की एल्समियरच्या लांडग्यांना मुळात माणसाचे भय फारसे नव्हते. त्यांना कोणी बाटलीने दूध पाजून वाढवले नव्हते.

यशवंत, घाटकोपर

आपण दोघेही दूरदेशीचे बोलत आहात. माझे आजोळ इंदापूरकडचे, मेंढपाळाचे. आमच्या माळावरचा लांडगा मेंढ्या-शेळ्यांवर बऱ्याच अंशी जगतो आणि माणूस दिसला की लांब सरकतो. त्याच्या जिवाला तेवढेच संरक्षण आहे. कायद्याने तो 1972 पासून संरक्षित असला तरी बिळाच्या तोंडाशी धूर करून पिल्ले मारण्याचे प्रकार आपल्या देशात घडत आले आहेत. अशा ठिकाणी संशोधकाने कळपात मिसळून त्याची भीती घालवली, तर संशोधक मुंबईला परत येईल आणि लांडगा दुसऱ्याच कोणाच्या तरी जवळ विश्वासाने जाईल. लांडग्यांच्या सर्वांत जवळ राहतो तो धनगर. रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीभोवती, लांडगे कोणत्या बाजूने येतात, वारा पडला की काय करतात, हे आमचे मामा बिनचूक सांगत. पण त्यांनी लांडग्याशी सलगी कधी केली नाही.

हेमंत, मुलुंड

यशवंतराव, धोक्याचा मुद्दा मला पटतो आणि पुणे-सोलापूरच्या माळावर हे करू नये असेच मीही म्हणेन. परंतु सलगी नको म्हणून जी पद्धत सुचवली जाते, तीही अगदी दुरूनची नसते. आपल्या बोरिवलीच्या उद्यानातील बिबट्यांना 2021 मध्ये रेडिओ कॉलर बसवल्या, त्यासाठी त्यांना पकडून बेशुद्ध करावे लागलेच. लांडग्याच्या बाबतीतही तेच करावे लागते. तो हस्तक्षेप चालतो आणि सहवास चालत नाही, हे कसे?

निशिगंधा, दादर

एकदा पकडून सोडलेला लांडगा पुन्हा स्वतःची शिकार स्वतः करतो, माणसाला टाळतो आणि मनात येईल तेव्हा कळप सोडतो. कॉलर फक्त तो कुठे गेला ते कळवते. हाताने वाढवलेल्या लांडग्याला यांपैकी काहीच उरत नाही. हस्तक्षेप दोन्हीकडे आहे हे खरे, पण नोंद नेमकी कशाची होते, हा प्रश्न मी पहिल्यापासून विचारते आहे.