नाशिकमध्ये फुफ्फुसांचा लो-डोस सीटी (कमी किरणोत्सर्गाचा सीटी स्कॅन) कुठे होतो?
माझे वडील ६२ वर्षांचे असून, तीस वर्षे रोज एक पाकीट सिगारेट ओढल्यानंतर त्यांनी ती चार वर्षांपूर्वी सोडली. खोकला, वजन घटणे असा कोणताही त्रास नाही. तरीही ५० ते ८० वयाच्या, किमान २० पॅक-वर्षे (रोज एक पाकीट याप्रमाणे एक वर्ष म्हणजे एक पॅक-वर्ष) धूम्रपान केलेल्या आणि ते सोडून १५ वर्षे न उलटलेल्यांनी फुफ्फुसाचा कर्करोग लवकर कळावा म्हणून दरवर्षी लो-डोस सीटी करावा, या अमेरिकेतील २०२१ च्या शिफारशीत ते बसतात.

एक्स-रेमध्ये क्षयरोगाचा जुना व्रण तेवढा दिसला, पण त्यात लहान गाठ निसटू शकते. कॉलेज रोडवरच्या दोन केंद्रांनी नेहमीचाच सीटी सुचवला. त्यात किरणोत्सर्ग बराच जास्त असतो.

खर्चाची तयारी आहे, मात्र मुंबईला दरवर्षी जाणे जमणार नाही. तेव्हा नाशिकमध्ये कमी मात्रेचा सीटी नेमका कुठे होतो, आणि जुना व्रण व नवी गाठ यांतला फरक ओळखण्याचा अनुभव असलेले छातीविकारतज्ज्ञ कोणी सुचवू शकेल का?