असाइनमेंटमधली कॉपी: मॉस लावावं की तोंडी विचारावं?

सेमीकोलन:
डेटा स्ट्रक्चर्सच्या लॅबमध्ये दोन प्रोग्रॅम 'सारखे दिसतात' एवढ्यावर दोघांना शून्य देणं थांबवा आणि मॉस लावा, म्हणजे कॉपी केलेलं कोड शोधणारं स्टॅनफर्ड विद्यापीठाचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, 1994 पासून चालू आहे. व्हेरिएबलची नावं बदला, कमेंट उडवा, फंक्शनं वरखाली करा, तो फसत नाही. कोडचे छोटे तुकडे करून त्यांचे हॅश (प्रत्येक तुकड्यावरून काढलेला आकडा) जुळवतो, नावांकडे बघतच नाही. फक्त शिक्षकांनी दिलेला सांगाडा बेस फाइल म्हणून आधी द्या, नाहीतर अख्खा वर्ग एकमेकांशी जुळेल. मागच्या वर्षांची सबमिशनंही सोबत टाका.

आडवा_प्रश्न:
लिंक्ड लिस्टच्या (एकापुढे एक जोडलेल्या नोंदींच्या यादीच्या) शेवटी नोड, म्हणजे नवी नोंद, जोडायच्या 15 ओळी साठ जण साठ तऱ्हांनी कशा लिहिणार? हेड नल, म्हणजे यादी रिकामी, आहे का बघा, टोकापर्यंत जा, जोडा, संपलं. फाइल जितकी छोटी, तितके जुळणीचे टक्के फुगतात. 'ऐंशी टक्के आले' म्हणून पोराला केबिनमध्ये उभं करायचं? शिवाय सगळं कोड स्टॅनफर्डच्या सर्व्हरवर जातं, वरच्या कमेंटमधल्या नाव-रोल नंबरासकट.

सेमीकोलन:
रोल नंबर काढून फोल्डरला भलताच आकडा देणारी स्क्रिप्ट दहा ओळींची असते. तेही नको असेल तर जेप्लॅग हे तसंच सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवर चालतं.
टक्के बघा असं मी म्हटलेलंच नाही. मॉसचा एम पर्याय मुळात 10 वर असतो: त्याहून जास्त फाइलींत आलेला तुकडा तो सोडून देतो. तुमच्या त्या 15 ओळी तिथेच गळतात. (अख्ख्या बॅचने एकाच फाइलवरून उतरवलं तर तेही गळतं, म्हणून एम वाढवून पुन्हा चालवायचं.) उरलेल्यात चुका शोधा. दोघांकडे तेच न वापरलेलं व्हेरिएबल, त्याच जागी विसरलेलं फ्री (मेमरी मोकळी करायची आज्ञा), स्क्रीनवर छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये तेच चुकीचं स्पेलिंग. हा पुरावा.

रात्रपाळी:
हे भांडण 2022 च्या आधीचं आहे. चॅटजीपीटीला दहा जणांनी विचारलं तर दहा वेगळे प्रोग्रॅम मिळू शकतात, मॉसला काय सापडणार? एआय ओळखून देणाऱ्या साइट तर नकोतच, त्यांच्या आकड्यावर कोणाचं टर्म वर्क कापता येत नाही. दर प्रॅक्टिकलला गिटवर (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली) कमिट, म्हणजे झालेल्या बदलाची नोंद, सक्तीचं करा. दीडशे ओळी एका कमिटमध्ये उगवल्या की विचारा.

आडवा_प्रश्न:
कमिटची तारीख हवी ती टाकता येते. पुशची, म्हणजे कमिट सर्व्हरवर चढवल्याची, वेळ सर्व्हर नोंदवतो, तेवढीच धरा. आणि शेवटी विचारायचंच आहे ना? मग सगळ्यांनाच विचारा. 'पहिला नोड काढून दाखव', 'आता हीच यादी उलटी कर.' ज्याने स्वतः लिहिलंय त्याला पाच मिनिटं पुरतात.

सेमीकोलन:
वीस जणांची बॅच, पाच मिनिटं, म्हणजे 100 मिनिटं. प्रॅक्टिकल दोन तासांचं. शिकवायचं कधी? मॉसने काढलेल्या जोड्या बोलवा, वर चिठ्ठी टाकून चार जण.

आडवा_प्रश्न:
म्हणजे बोलावणं आलं की वर्गाला कळणार, हा पकडला गेला. चारही चिठ्ठीनेच काढा. मॉसचा निकाल लागलाच तर तोंडी झाल्यावर उघडा.

रात्रपाळी:
आणि चिठ्ठीत ती जोडी आलीच नाही तर?