कंपवातात दारापाशी पाय खिळतात : कोणता भौतिकोपचार मागावा?

कृष्णाकाठ

माझ्या वडिलांचे वय ७१ आहे आणि काही वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे (पार्किन्सन्सचे) निदान झाले. हाताची थरथर गोळ्यांनी बरीच आटोक्यात आहे, परंतु चालणे बिघडत चालले आहे. अंगणात ते बऱ्यापैकी चालतात. मात्र स्वयंपाकघराच्या दारात, न्हाणीघराच्या उंबरठ्यापाशी किंवा मागे वळताना त्यांचे पाय जागीच खिळतात, अंग पुढे झुकते आणि तोल जातो. अलीकडे ते पडलेही आहेत. सुदैवाने हाड मोडले नाही. जवळच्या एका केंद्रात भौतिकोपचार सुरू आहेत. तेथे गुडघ्यांना यंत्राने शेक देतात आणि पायाला वजन बांधून तो उचलायला लावतात. त्यामुळे मांड्यांत ताकद आल्यासारखे वाटते, पण दारातले अडकणे तसूभरही कमी झालेले नाही. विशेष म्हणजे जिना ते न अडखळता चढतात, याचे आम्हा सर्वांना नवल वाटते. पाय अडकले की आई त्यांना दंडाला धरून पुढे ओढते आणि त्यावरून दोघांचे खटके उडतात. अशा स्थितीत भौतिकोपचारात नेमके काय मागावे? वॉकर घ्यावा का?

भौतिकोपचार_सातारा

वडील जिना सहज चढतात, या आपल्या निरीक्षणातच उत्तराचा मोठा भाग आहे. चालणे, वळणे, खुर्चीतून उठणे यांसारख्या सवयीच्या हालचाली आपण विचार न करता करतो, कारण मेंदूच्या खोल भागातील केंद्रे त्या परस्पर चालवत असतात. कंपवातात डोपामिन हे मेंदूतील रसायन कमी पडल्यामुळे नेमकी हीच व्यवस्था मंदावते. पावले आखूड होतात आणि अरुंद जागेत किंवा दिशा बदलताना पुढचे पाऊल सुरूच होत नाही. जिन्यावर मात्र प्रत्येक पायरीची कड डोळ्यांना ‘पाऊल येथे ठेव’ असे सांगते, त्यामुळे मेंदू दुसऱ्या, जाणीवपूर्वक हालचालीच्या मार्गाने काम करून घेतो. म्हणजेच वडिलांचे अडकणे हा स्नायूंच्या दुबळेपणाचा प्रश्न नाही. मांडीची ताकद खुर्चीतून उठण्यासाठी उपयोगी आहे, ते व्यायाम बंद करू नका. परंतु गुडघा दुखत नसेल तर शेकावर वेळ आणि पैसा घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

तेव्हा सपाट जमिनीवर पायऱ्यांसारख्या खुणा तयार कराव्यात. दाराच्या अलीकडे, उंबरठ्यालगत आणि पलीकडे, चालण्याच्या दिशेला आडव्या येतील अशा रंगीत चिकटपट्ट्या लावाव्यात. दोन पट्ट्यांमध्ये वडिलांच्या चांगल्या पावलाएवढे अंतर असावे आणि त्यांनी प्रत्येक पट्टी ओलांडून पाऊल टाकावे. शहाबादी फरशी असेल तर पांढरी किंवा पिवळी पट्टी उठून दिसते. पट्ट्या दाराच्या पलीकडेही हव्यात, कारण बहुतेक जण उंबरठ्यापर्यंतच लावतात आणि रुग्ण नेमका उंबरठ्यात थांबतो.

वळताना जागच्या जागी गर्रकन न फिरता, घड्याळाचा काटा एकेका आकड्यावर सरकतो तसे एकेक पाऊल टाकत मोठा अर्धगोल घ्यायचा. पाय खिळलेच तर आईंनी ओढू नये. ओढल्याने अंग पुढे जाते, पाय मागे राहतात आणि दोघेही पडू शकतात. पूर्ण थांबावे, श्वास घ्यावा, अंग सरळ करावे, भार एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पायावर घ्यावा आणि मग मोकळ्या झालेल्या पायाने मोठे पाऊल टाकावे. हा क्रम अडकल्यावर शिकवून उपयोग होत नाही, तो आधीच रोज घोटून घ्यावा लागतो.

केंद्रात विचारायचे ते असे : तोलाचे मोजमाप झाले आहे का? खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाऊन परत बसण्याच्या चाचणीला किती सेकंद लागतात? एकूण ५६ गुणांच्या बर्ग तोल-मापनात किती गुण पडतात? मागून खांदे हलकेच ओढल्यावर ते पाऊल टाकून सावरतात की तसेच मागे कोसळतात? ही शेवटची चाचणी घरी करू नये. या नोंदींशिवाय व्यायाम ठरवणे म्हणजे अंदाजाने काम करणे होय. कंपवातातील तोलाचे व्यायाम तोलाला थोडे आव्हान देणारेच असावे लागतात. केवळ पडून किंवा बसून केलेले व्यायाम उभ्याने सावरायला शिकवत नाहीत. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९५ रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात २४ आठवडे ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करणारे रुग्ण केवळ स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी वेळा पडले. आपल्याकडे ताई-चीचा वर्ग मिळेलच असे नाही, पण उभ्याने सावकाश भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे हे त्यातील सूत्र कोणताही जाणकार भौतिकोपचारतज्ज्ञ बसवून देऊ शकेल. सत्राची वेळ मात्र गोळीचा परिणाम चांगला असतानाचीच घ्या.

पावली

माझे यजमान याच अवस्थेतून गेले आहेत, म्हणून घरातल्या बाजूने दोन गोष्टी लिहिते. ठेक्याचा उपयोग पट्ट्यांइतकाच होतो. आमचे सासर वारकऱ्यांचे. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ असा गजर मोठ्याने म्हणत, त्या ठेक्यावर पाऊल टाकले की यजमान अख्खी पडवी न थांबता पार करीत. ठेका संथ आणि एकसारखा हवा; घाईने टाळ्या वाजवल्या की पावले आखूड होऊन ते पळू लागत. दुसरे म्हणजे चालताना त्यांच्याशी बोलू नये आणि हातात पाण्याचा तांब्याही देऊ नये. मनात दोन कामे आली की पाय थांबतात. दारावरची घंटा किंवा फोन वाजला की ते हमखास अडकत, म्हणून ‘तो आम्ही पाहू’ असे त्यांना बजावून ठेवले होते.

उचलून पुढे ठेवायचा, चाके नसलेला वॉकर आम्हाला मुळीच जमला नाही. तो उचलताना लय तुटे आणि ते मागे झुकत. न्हाणीघरात भिंतीला घट्ट बसवलेल्या दांड्या, बसण्यासाठी स्टूल, दारातले पायपुसणे काढून टाकणे आणि मागे पट्टा असलेली चप्पल, एवढ्याने बराच फरक पडला. पुण्याच्या बाजूला असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळाशी जरूर संपर्क साधा. तेथे हे सारे भोगलेली माणसे भेटतात.

भौतिकोपचार_सातारा

वॉकरबाबत सहमत आहे. चाकांचा वॉकर घेतला तरी वेग वाढला की तो पुढे पळतो, म्हणून हाताने दाबायचा ब्रेक असलेला, आणि तोही केंद्रात चालवून पाहिल्यावरच घ्यावा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एक गोष्ट लिहायची राहिली. सकाळी अंथरुणातून उठताना वडिलांना कधीकधी गरगरल्यासारखे होते. त्याचा तोलाशी संबंध असेल का?

भौतिकोपचार_सातारा

असू शकतो, परंतु त्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब उतरत असण्याची शक्यता मोठी आहे. कंपवातात आणि त्याच्या औषधांनीही हे घडते. ५ मिनिटे आडवे असताना आणि नंतर उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्या नोंदी घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे. रक्तदाबाची जुनी गोळी चालू असेल तर तीही दाखवावी, पण स्वतःहून काहीही कमी-जास्त करू नये. याउलट, पडल्या पडल्या कूस बदलताच खोली फिरत असेल आणि ते मिनिटभराच्या आत थांबत असेल, तर आतल्या कानातील सूक्ष्म खडे जागा सोडून गेल्याचा संशय येतो. त्याची तपासणी डोके विशिष्ट कोनात वळवून, झटकन आडवे करून, डोळ्यांची हालचाल पाहत करतात आणि उपचारही गोळीपेक्षा डोके क्रमाने फिरवून केला जातो. मानेचा जुना त्रास असेल तर तपासणीआधीच तसे सांगा. तोपर्यंत सकाळी उठताना आधी कुशीवर वळणे, मग पाय खाली सोडून काही वेळ बसणे आणि त्यानंतरच, आई शेजारी असताना, उभे राहणे एवढे पाळा.