राजकीय हिंसेतील दोषींना माफी : अधिकार घटनात्मक असला, तरी कायद्याच्या राज्याशी तो सुसंगत ठरतो का?

प्रश्न (चिकित्सक वाचक)

२० जानेवारी २०२५ रोजी शपथविधीनंतर काही तासांतच अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅपिटॉल या संसदभवनावर त्यांच्या समर्थकांनी ६ जानेवारी २०२१ रोजी केलेल्या हल्ल्याशी संबंधित गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना संपूर्ण आणि बिनशर्त माफी दिली, नावानिशी नमूद केलेल्या १४ जणांची शिक्षा भोगून झालेल्या मुदतीवर आणून ठेवली आणि चालू खटले कायमचे निकालात काढण्याचा आदेश दिला. याचा लाभ सुमारे १,५०० जणांना झाला. हल्ल्यात सुमारे १४० पोलीस जखमी झाले होते. माफी मिळालेल्यांत नुसते इमारतीत शिरलेले लोक होते, तसेच पोलिसांना मारहाण केल्याबद्दल तुरुंगात गेलेले होते आणि सत्तांतर बळाने रोखण्याच्या कटाबद्दल २२ वर्षांची शिक्षा झालेले एन्रिके टारिओही होते.

माझा प्रश्न ट्रम्प चांगले की वाईट हा नाही. कृपया चर्चा त्या वाटेने नेऊ नये. अध्यक्षांनी संविधानाने दिलेला अधिकार वापरला, म्हणून हे बेकायदा म्हणता येत नाही. परंतु न्यायाधीशांनी आणि ज्यूरींनी चार वर्षे पुरावे तपासून दिलेले निर्णय एका सहीने निष्प्रभ होत असतील, तर कायद्याचे राज्य अबाधित आहे असेही म्हणवत नाही. राजकीय हिंसेतील दोषींना दिलेली माफी केव्हा समर्थनीय असते आणि केव्हा नसते, हे ठरवणारी एखादी कसोटी आहे का? आणि आपल्या संविधानातील अनुच्छेद ७२ व १६१ (राष्ट्रपती व राज्यपाल यांचा माफीचा अधिकार) यांच्याखाली असा निर्णय टिकला असता का?

उत्तर १ (वकिली पेशातला)

अमेरिकेच्या संविधानातील तरतूद एका वाक्याची आहे आणि तिला दोनच स्पष्ट मर्यादा आहेत : माफी संघराज्याच्या कायद्याखालील गुन्ह्यांपुरती असते आणि महाभियोगाला ती लागू होत नाही. १८६७ च्या गार्लंड खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार याखेरीज अमर्याद असल्याचे म्हटले, आणि १ जुलै २०२४ रोजी अध्यक्षांच्या फौजदारी संरक्षणाविषयी जो निकाल आला, त्यात माफीचा अधिकार अध्यक्षांच्या अशा गाभ्याच्या अधिकारांत गणला गेला, ज्यांच्या वापराबद्दल काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, कायदा करू शकत नाही आणि न्यायालय अध्यक्षांवर खटला चालू देऊ शकत नाही. त्यामुळे तेथे न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग जवळजवळ बंद आहे.

हा धोका संविधानकर्त्यांच्या लक्षात आला नव्हता असे मात्र नाही. १७८८ मध्ये व्हर्जिनियाच्या अधिवेशनात जॉर्ज मेसन यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता की, अध्यक्ष स्वतःच्या सल्ल्याने झालेल्या गुन्ह्यांनाही माफी देऊ शकेल. मॅडिसन यांचे उत्तर असे होते की, अध्यक्ष संशयास्पद रीतीने एखाद्या आरोपीशी जोडलेला असेल आणि त्याला पाठीशी घालील असे वाटत असेल, तर महाभियोगाचा उपाय आहे. त्या उपायाची ताकद फेब्रुवारी २०२१ मध्ये, कॅपिटॉल हल्ल्यावरून ट्रम्प यांच्यावर चाललेल्या महाभियोगात दिसली : सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ मते पडली, दोषी ठरवण्यासाठी ६७ हवी होती. मेसन यांचा आक्षेप आजही अनुत्तरित आहे, असे माझे मत आहे.

आपल्याकडील स्थिती वेगळी आहे. राष्ट्रपती व राज्यपाल हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात, हे १९८० च्या मारू राम निकालाने स्पष्ट झाले. निर्णयाच्या गुणवत्तेत न्यायालय शिरत नाही. परंतु निर्णय विचार न करता घेतला, वाईट हेतूने घेतला, असंबद्ध बाबींवर आधारला किंवा महत्त्वाची कागदपत्रे दडवून घेतली, तर तो रद्द होऊ शकतो. आपल्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा निकाल २००६ चा एपुरू सुधाकर हा आहे. आंध्र प्रदेशात राजकीय वैरातून झालेल्या हत्यांच्या प्रकरणात शिक्षा भोगत असलेल्या काँग्रेस कार्यकर्त्याची उर्वरित शिक्षा राज्यपालांनी माफ केली. राज्यपालांपुढे ठेवलेल्या कागदपत्रांत त्याच्या बाजूने असलेली एक बाब अशी नोंदवली होती की, तो पक्षाचा चांगला कार्यकर्ता आहे. मृतांच्या मुलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि आदेश रद्द झाला. जात, धर्म आणि राजकीय निष्ठा या गोष्टी माफीचा विचार करताना निषिद्ध आहेत, असे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. त्यामुळे, कॅपिटॉल हल्ल्यासारखा घाऊक आदेश आपल्याकडे निघाला असता, तर तो किमान न्यायालयाच्या चौकटीत तरी उभा करता आला असता.

उत्तर २ (इतिहासप्रेमी)

वकीलसाहेबांनी कायदा नेमका मांडला आहे, पण त्यातून असा समज होऊ नये की राजकीय गुन्हेगाराला दिलेली माफी मुळातच संशयास्पद असते. उलट हा अधिकार ठेवण्यामागचे एक प्रमुख कारणच बंड हे होते. बंडाच्या काळात योग्य क्षणी दिलेली माफी शांतता परत आणू शकते आणि तो क्षण एकदा निसटला की परत येत नाही, म्हणून हा अधिकार विधिमंडळाकडे नव्हे तर एका व्यक्तीकडे असावा, असा युक्तिवाद हॅमिल्टन यांनी केला होता.

वॉशिंग्टन यांनी तो वापरलाही. १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांनी दारूवरील कराविरुद्ध बंड केले, करवसुली अधिकाऱ्याचे घर जाळले. वॉशिंग्टन स्वतः सैन्य घेऊन निघाले. देशद्रोहाबद्दल दोघांना फाशीची शिक्षा झाली आणि १७९५ मध्ये त्यांनी दोघांनाही माफ केले. पुढे यादवी युद्धानंतर १८६८ च्या नाताळात अँड्र्यू जॉन्सन यांनी दक्षिणेतील बंडखोरांना सार्वत्रिक माफी दिली. १९७९ मध्ये जिमी कार्टर यांनी, १९५४ साली प्रतिनिधिगृहाच्या सज्जातून खासदारांवर गोळ्या झाडणाऱ्या पोर्तो रिकोच्या राष्ट्रवाद्यांची शिक्षा कमी केली. त्यांनी तेव्हा सुमारे २५ वर्षे तुरुंगात काढली होती.

या उदाहरणांत मला एक समान धागा दिसतो. माफी देणारा आणि माफी घेणारा परस्परांच्या विरुद्ध बाजूंना उभे होते. वॉशिंग्टन यांनी ज्यांना सोडले त्यांनी वॉशिंग्टन यांच्याच सरकारविरुद्ध शस्त्र उचलले होते. बंड मोडले होते, आणि चुकलेल्यांनी आपली वाट सोडली आहे असे वॉशिंग्टन यांनी काँग्रेसला सांगितले. २०२५ मध्ये माफी देणारा आणि घेणारे एकाच बाजूचे होते आणि हिंसाही माफी देणाऱ्याच्याच लाभासाठी झाली होती. समेट हा नेहमी दोन पक्षांत होतो. येथे दुसरा पक्ष, म्हणजे मार खाल्लेले पोलीस आणि जीव मुठीत धरून बसलेले लोकप्रतिनिधी, कोठेच नव्हता. जाहीरनाम्यात समेटाचा शब्द वापरला गेला, याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटते.

प्रश्नकर्त्यांनी मागितलेली कसोटी मी अशी सांगेन : ज्याच्याविरुद्ध हिंसा झाली तो माफ करतो आहे की ज्याच्यासाठी झाली तो?

उत्तर ३ (तुलनात्मक कायद्याची विद्यार्थिनी)

इतिहासप्रेमींची कसोटी आकर्षक आहे, पण ती अपुरी आहे असे मला वाटते, कारण तीत हिंसेचा बळी आणि राज्यसंस्था यांना एकच मानले आहे. जॉन्सन यांची माफी घ्या. उत्तरेचा अध्यक्ष दक्षिणेच्या बंडखोरांना माफ करतो म्हणून ती या कसोटीवर उत्तीर्ण होते. परंतु गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लाखो कृष्णवर्णीयांना त्या माफीबद्दल कोणी विचारले होते? त्यांच्यावर त्यानंतरच्या वर्षांत जी हिंसा झाली, ती पाहता माफी देणारा विरुद्ध बाजूचा असणे पुरेसे नव्हते.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण येथे अधिक उपयोगी आहे. वर्णभेदी राजवट संपल्यावर १९९५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सत्य व समेट आयोगात माफी सरसकट नव्हती. प्रत्येकाला स्वतंत्र अर्ज करावा लागे, कृत्यामागे राजकीय उद्दिष्ट होते हे दाखवावे लागे आणि संपूर्ण सत्य उघड करावे लागे. निर्णय राष्ट्राध्यक्ष नव्हे, तर समिती देई आणि पीडितांना विरोध करता येई. सात हजारांहून अधिक अर्जांपैकी बहुसंख्य फेटाळले गेले. कम्युनिस्ट नेते ख्रिस हानी यांच्या मारेकऱ्यांनाही १९९९ मध्ये माफी नाकारण्यात आली. त्यांनी पूर्ण सत्य सांगितले नाही, हे त्यातील एक कारण होते.

याच देशात पुढे जे घडले, ते या चर्चेच्या अगदी केंद्रस्थानी आहे. आयोगाचे काम संपल्यावर, २००७ मध्ये अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी घोषणा केली की, राजकीय हेतूने गुन्हे केल्याचे सांगणाऱ्या कैद्यांच्या माफीच्या अर्जांचा विशेष प्रक्रियेने विचार होईल. या प्रक्रियेत कैद्यांची बाजू ऐकली जाणार होती, पीडितांची नाही. पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या आणि २०१० मध्ये संविधान न्यायालयाने अल्बट खटल्यात निर्णय दिला की, पीडितांचे म्हणणे ऐकल्याशिवाय अशी माफी देता येणार नाही. न्यायालयाने यासाठी पीडितांचा कोणताही सर्वसाधारण हक्क शोधून काढला नाही, ही त्या निकालातली खरी खुबी आहे. त्याने एवढेच विचारले की, सरकारने स्वतःच समेट आणि राष्ट्रउभारणी हे उद्दिष्ट जाहीर केले आहे. मग एका बाजूला वगळून ते साध्य होईल असे कोणी समंजस माणूस म्हणेल का? गुन्हा खरोखर राजकीय होता की नाही, हेसुद्धा केवळ गुन्हेगाराच्या सांगण्यावरून कसे ठरणार? अध्यक्षाने दिलेले कारण आणि त्याने निवडलेला मार्ग यांत तर्कसंगती हवी, ही मर्यादा माफीच्या अधिकारालाही लागू झाली.

हीच पट्टी वॉशिंग्टनमधील २०२५ च्या जाहीरनाम्याला लावली, तर तो पहिल्याच वाक्यात अडकतो.

प्रश्नकर्ता (चिकित्सक वाचक)

तिन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. मग भारत आणि दक्षिण आफ्रिका येथे न्यायालयीन तपासणी असल्याने आपण तुलनेने सुरक्षित आहोत, असा निष्कर्ष काढावा का?

उत्तर ४ (वकिली पेशातला)

इतक्या लवकर काढू नये. अनुच्छेद १६१ हा दर्शनी दरवाजा आहे. आपल्याकडे शिक्षेतून सुटण्याचे मार्ग अधिक करून बाजूने असतात. एक मार्ग फौजदारी प्रक्रिया संहितेतील (आता नागरिक सुरक्षा संहितेतील) शिक्षेत सूट देण्याच्या तरतुदीचा. गुजरातमधील २००२ च्या दंगलीत सामूहिक बलात्कार आणि हत्यांबद्दल जन्मठेप झालेल्या ११ जणांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी राज्य सरकारने याच तरतुदीखाली सोडले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी तो आदेश रद्द केला, कारण खटला महाराष्ट्रात चालला होता आणि सूट देण्याचा अधिकार गुजरात सरकारला नव्हताच. पीडित महिला स्वतः न्यायालयात गेली, म्हणून हे घडले. शिवाय हा निकाल अधिकारक्षेत्रावर फिरला. सक्षम सरकारने तसाच आदेश काळजीपूर्वक कारणे लिहून काढला असता तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच.

दुसरा मार्ग त्याहून शांत आहे : शिक्षा होण्याची वाटच न पाहता खटला मागे घेणे. जुन्या संहितेचे कलम ३२१, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६०. सरकार बदलले की आंदोलनातील, दंगलीतील, तोडफोडीतील खटले मागे घेण्याचे प्रस्ताव येऊ लागतात, आणि त्यांना माफी म्हणून कोणी ओळखत नाही. केरळ विधानसभेत मार्च २०१५ मध्ये अर्थसंकल्पाच्या वेळी तत्कालीन विरोधी पक्षाच्या आमदारांनी सभाध्यक्षांचे आसन आणि यंत्रणा मोडली. पुढे त्यांचाच पक्ष सत्तेवर आला आणि खटला मागे घेण्यासाठी अर्ज झाला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि विधिमंडळ सदस्यांचा विशेषाधिकार म्हणजे फौजदारी कायद्यातून सूट नव्हे, असे सांगितले. त्यानंतर दोनच आठवड्यांत, उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय आजी-माजी खासदार-आमदारांवरील कोणताही खटला मागे घेता येणार नाही, असाही आदेश आला.

या आदेशाची मर्यादा मात्र लक्षात घ्यावी : तो लोकप्रतिनिधींपुरता आहे. त्यांच्या सांगण्यावरून दगड मारणाऱ्या कार्यकर्त्याचा खटला मागे घ्यायचा असेल, तर सरकारी वकिलाचा अर्ज, नागरिक सुरक्षा संहितेनुसार पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी आणि खटला चालवणाऱ्या न्यायालयाची संमती एवढे पुरते.