पॅरालिसिसनंतर सासरे ताटातली डावी बाजू खातच नाहीत. असं होतं का?

कृष्णाकाठची_सून
नमस्कार मंडळी. सासऱ्यांना पाडव्याच्या सुमारास पॅरालिसिसचा अटॅक आला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी निघाली. डावा हात-पाय गेला होता. पाय बराच सुधारलाय, काठी घेऊन चालतात. बोलणं पहिल्या दिवसापासून ठणठणीत. राजकारणावर तासभर बोलतील, म्हणूनच बाकीचं काही कळेनासं झालंय.

जेवताना भाजी, आमटी, पोळी संपते. डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच. वर चिडतात, "मीठ वाढलंच नाही!" मीठ ताटातच असतं. दाढी केली की डावा गाल तसाच. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही बाजूंची नजर नीट तपासली, काही दोष नाही म्हणाले. सासूबाईंना वाटतं नाना हट्ट करतात. रोज त्यावरून वाद. कुणाच्या घरी असं झालंय का?

ओटी_नाशिक
ताई, आधी सासूबाईंना सांगा, हा हट्ट नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, असे पेशंट रोजच्या कामात भेटतात. आम्ही याला 'नेग्लेक्ट' म्हणतो, म्हणजे मेंदूचं एका बाजूकडे लक्षच जात नाही. आज जेवताना काही न बोलता नानांचं ताट अर्धं फिरवा. चटणी उजवीकडे आली की ते ती खातील, आणि बहुतेक म्हणतील, "आत्ता वाढलीत होय!" ते खोटं बोलत नसतात. त्यांच्यापुरती ती चटणी खरोखर आत्ताच आलेली असते.

मेंदूचा उजवा अर्धा दोन्हीकडच्या जागेवर लक्ष ठेवतो, डावा अर्धा मुख्यतः उजवीकडेच. डाव्या अर्ध्याला इजा झाली तर उजवा बरंचसं सांभाळून घेतो. उजव्याला झाली तर डावीकडे बघायला कुणी उरत नाही. भाषा मात्र बहुतेकांची डाव्या अर्ध्यात असते. नानांचा तो भाग शाबूत आहे, म्हणून ते फर्डं बोलतात आणि घरच्यांना वाटतं डोकं तर ठीक आहे. या एका गैरसमजापायी कितीतरी घरांत पेशंटला बोलणी बसतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

हे डोळ्यांचं दुखणं नाही याचा सुंदर पुरावा आहे. १९७८ साली इटलीत मिलानमध्ये बिसियाक आणि लुत्झाती या दोन संशोधकांनी अशा पेशंटना सांगितलं, शहरातल्या मोठ्या चौकात कॅथेड्रलकडे, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चकडे, तोंड करून उभे आहात असं समजा आणि काय दिसतं ते सांगा. पेशंटनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग म्हटलं, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून चौकाकडे बघताय असं समजा. लगेच मघाशी गाळलेल्या इमारती आल्या आणि आधी सांगितलेल्या गेल्या! आठवण सगळी होती, पण मनातल्या चित्राचीही डावी बाजू सुटत होती.

घरी हे करा. ताटाच्या डाव्या कडेला, पेपरच्या रकान्याच्या डाव्या बाजूला आणि दाराच्या डाव्या चौकटीला लाल पट्टी लावा. घास घेण्याआधी, ओळ वाचण्याआधी "नाना, लाल कुठंय?" एवढंच विचारा. पट्टी सापडेपर्यंत थांबा, तुम्ही त्यांची मान वळवू नका, त्यांनाच वळवू द्या. नजर उजवीकडे सरकवणाऱ्या प्रिझमच्या चष्म्याने सरावही करून घेतात. फ्रान्समध्ये रोसेत्ती आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तो मांडला. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, पण तुमच्या थेरपिस्टना विचारून बघा.

घाटमाथा
आमच्या आईचं नेमकं उलटं. अटॅक डाव्या बाजूला, उजवा हात गेला आणि वाचाही. आपण बोललेलं बरंचसं कळतं, पण तिच्या तोंडून "अगं, अगं" एवढंच येतं. आणि गणपतीत आरती सुरू झाली तशी टाळ्यांच्या ठेक्यावर सबंध कडवं म्हणाली! आम्ही सगळे रडलो. दुसऱ्या दिवशी पाणी मागायला मात्र शब्द नाही. हे कसं?

ओटी_नाशिक
@घाटमाथा, नवं वाक्य जुळवणं वेगळं, आणि पाठ असलेलं, चालीवरचं म्हणणं वेगळं. दुसऱ्यात उजव्या अर्ध्याचीही साथ असते असं मानतात. १८६१ मध्ये पॅरिसला डॉक्टर ब्रोका यांनी ज्या पेशंटचा मेंदू तपासला, तोही वर्षानुवर्षं "तां" एवढंच म्हणायचा, समजायचं मात्र बरंच. आईंना स्पीच थेरपिस्टकडे न्याच. चालीचा उपयोग करून बोलायला शिकवायची पद्धत आहे.

कृष्णाकाठची_सून
ताट फिरवलं. नाना म्हणाले, "कोशिंबीर आधी का नाही वाढलीस गं?" सासूबाई बघतच राहिल्या. आज त्यांनी स्वतः लाल चिकटपट्टी आणली.

आणखी एक विचारते. रात्री डावा खांदा दुखतो म्हणून विव्हळतात. पण परवा त्याच हाताला गरम चहाचा पेला टेकला होता, ते कळलंसुद्धा नाही. एकाच हाताचं असं दोन तऱ्हांनी कसं?

ओटी_नाशिक
होतं असं. हाताकडून येणारी दुखण्याची वर्दी पाठीच्या कण्यात बाजू बदलते, मेंदूच्या आत खोल असलेल्या थॅलॅमस या भागातून पुढे जाते आणि मेंदूत एकाच जागी पोचत नाही. कुठे दुखतंय ते एक भाग ठरवतो, ते किती असह्य वाटतंय हे दुसरे. त्यातला एखादाच भाग बिघडू शकतो, शिवाय लक्ष दुसरीकडे असलं की हाताची वर्दी तशीच वाया जाते. खांद्याचं बहुधा वेगळं असेल. स्नायू सैल पडल्याने सांधा खाली ओघळतो आणि आजूबाजूचं ताणलं जातं. डॉक्टरांना दाखवा. त्यांना उठवताना डावा हात धरून कधीच ओढू नका, काखेतूनही उचलू नका, कमरेशी आधार द्या. झोपताना हाताखाली उशी ठेवा. चहा उजव्या हाताशी द्या आणि आंघोळीच्या पाण्यात आधी तुम्ही हात घालून बघत जा.