बोटातलं चुंबक: काढू, ठेवू, की नवीन घालू?

डाव्या_हाताचा (धागाकर्ता)

माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेत, नखाच्या कडेच्या मांसात, एक निओडिमियम चुंबक आहे. व्यास ३ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर, म्हणजे मसूर डाळीच्या दाण्याहून लहान. चार वर्षं झाली. मी अमेरिकेत फिनिक्सजवळ राहतो, आणि हा प्रकार वाढला तोही इथूनच: शरीरात वस्तू बसवणाऱ्या स्टीव्ह हॉवर्थनं जेसी जॅरेलबरोबर २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही बोटातली चुंबकं घडवायला सुरुवात केली.

आता अडचण अशी की कंबर धरलीय आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय. 'अंगात कुठे धातू आहे का' या प्रश्नाला मी खरं उत्तर लिहिलं आणि परत पाठवला गेलो. आधी काढून या म्हणाले. बायको म्हणते, काढतोच आहेस तर एकदाचं काढ. माझं म्हणणं, एमआरआय होऊ दे आणि नवीन घालू. म्हणून हा धागा.

कसं वाटतं हे आधी सांगतो. मायक्रोवेव्ह चालू असताना, ज्या बाजूला आत ट्रान्सफॉर्मर असतो तिकडे बोट नेलं की कातडीखाली भुंगा डांबल्यासारखी थरथर होते. बोट वीतभर मागे घ्या, काही नाही. पुन्हा पुढे न्या, एका ठराविक जागी सुरू. त्या जागेला कड असते, वळण असतं, ते बोटानं चाचपता येतं. दुकानाच्या दारातली चोरी पकडणारी फाटकं, मिक्सर, लॅपटॉपचा पंखा, सगळ्यांची थरथर वेगवेगळी. गेल्या दिवाळीत इचलकरंजीला गेलो तेव्हा मामाच्या मागाच्या मोटरीजवळ अर्धा तास हात धरून बसलो होतो. मामीला वाटलं मला बरं नाहीये.

"याचा उपयोग काय?" हे कृपया विचारू नका. बुगडीचा उपयोग काय असतो?

कॉईलवाला

भावा, मी कोल्हापुरात तीस वर्षं मोटरी भरतोय. एक विचारतो. भिंतीतली चालू वायर तुला कळते का? काही व्हिडिओंत हाच मोठेपणा सांगतात, इलेक्ट्रिशियनला वरदान वगैरे.

डाव्या_हाताचा

नाही कळत. सुरुवातीला मलाही कळेल असं वाटलं होतं.

कॉईलवाला

कळणारच नाही. फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून शेजारी शेजारी जातात. जाणारा करंट आणि येणारा करंट सारखा, दिशा उलटी, म्हणजे बाहेर क्षेत्र जवळजवळ शून्य. आणि चुंबकाला करंट कळतो, व्होल्टेज नाही. ज्या वायरीत फेज आहे पण करंट वाहत नाही ती तुझ्या बोटाच्या लेखी मेलेली. आणि माणसाला मारते तीच! दहा रुपयांचा टेस्टर जे सांगतो ते तुझं बोट सांगत नाही. पोरांनी हे वाचून बोर्डात बोटं घालू नयेत म्हणून लिहिलं.

दुसरं, आमच्या दुकानात लेथचा कीस उडत असतो. तुझं बोट इथं आलं तर संध्याकाळी त्याला दाढी आलेली असेल.

डाव्या_हाताचा

दाढी मान्य. मामाकडे आलीच होती.

टेस्टरच्या जागी वापरा असं मी म्हणत नाहीये, म्हणूनच उपयोगाचा प्रश्न नको म्हटलं. उत्तर दिशाही कळत नाही, कुणी विचारण्याआधीच सांगतो. पृथ्वीचं क्षेत्र त्यासाठी फारच क्षीण. आणि भारतातली ५० हर्ट्‌झची वीज न् अमेरिकेतली ६० ची, यांतला फरक मला बोटावर कळतो असं मी सगळ्यांना सांगत असे. मग भावानं माझे डोळे बांधून परीक्षा घेतली. भावापुढे ती फुशारकी मी आता मारत नाही.

दीड_टेस्ला

मी नाशिकला एमआरआय तंत्रज्ञ आहे. तुम्ही फॉर्मवर खरं लिहिलंत याबद्दल आधी आभार. लोक लपवतात.

आमचं यंत्र दीड टेस्लाचं, म्हणजे १५,००० गॉस. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास. शिवाय ते 'चालू' करावं लागत नाही. द्रव हीलियममध्ये बुडालेली ती कॉईल रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही, चुंबकच असते. साधा लोखंडाचा तुकडा नुसता ओढला जातो. तुमचा तुकडा स्वतः चुंबक, त्यामुळे तो आधी फिरायला बघेल, आमच्या क्षेत्राच्या रेषेत यायला. मांसात. वर त्याची शक्ती जाईल ते वेगळंच. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला, ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. सिलिंडरची आणि डाळीच्या दाण्याची तुलना नाही, पण आमचा नियम दोघांना एकच.

माझा विरोध मात्र तुमच्या कंबरेवरून नाही. कंबर थांबते. उद्या रस्त्यावर अपघात झाला, तुम्ही बेशुद्ध, मेंदूचा एमआरआय तातडीनं हवा. तेव्हा फॉर्म कोण भरणार?

डाव्या_हाताचा

पाकिटात चिठ्ठी असते.

दीड_टेस्ला

पाकीट बहुतेक वेळा नातेवाइकांकडे किंवा पोलिसांकडे असतं. पेशंट आमच्याकडे असतो.

खमंग_ढोकळा

एटीएम कार्ड बाद होत नाही का हो?

डाव्या_हाताचा

काळ्या पट्टीवर घासलं तर होऊ शकतं. चिपला काही होत नाही. हॉटेलच्या खोलीचं कार्ड मात्र मी उजव्या हातात धरतो.

अबोली

सोनारानेच कान टोचावे म्हणतात. तुमचं कुणी टोचलं? डॉक्टरनं?

डाव्या_हाताचा

डॉक्टर करत नाहीत, कारण हा कुठल्या आजारावरचा उपचार नाही. शरीरकलावाल्यानं, म्हणजे टोचणं-गोंदणं करणाऱ्यानं केलं. भुलीचं इंजेक्शन देण्याचा त्याला अधिकार नाही, म्हणून बर्फाच्या पाण्यात बोट बधिर होईपर्यंत बुडवून ठेवायचं. मग छोटी चीर, आत कप्पा, त्यात चुंबक, वर एक टाका. पाचेक मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांबद्दल मी फार काही लिहिणार नाही.

अबोली

म्हणजे काम सोनाराचं आणि सोनार नाही. टाका पिकला असता तर तुम्ही दवाखान्यातच गेला असता ना? ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्याच दारात.

माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण होतं. सातव्या वर्षी धरून बसवून गोंदलेलं, तिला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला निदान तुम्ही स्वतः विचारलंत, एवढंच तुमच्या बाजूनं बोलेन. पण तिच्या गोंदणानं सत्तर वर्षांत कधी तिला दवाखान्याच्या दारातून परत पाठवलं नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

मी पशुवैद्य. आमच्यात चुंबक पोटात ठेवणं ही जुनीच गोष्ट आहे. गाय चाऱ्याबरोबर खिळे, तारेचे तुकडे गिळते. ते पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतात, तिथून पडदा भोसकून हृदयापर्यंत जातात. म्हणून बोटाएवढं लांब चुंबक गायीला गिळवतात. ते त्याच कप्प्यात जाऊन बसतं आणि तारा धरून ठेवतं, जन्मभर. आधीच घातलंय की नाही हे बघायला छातीजवळ होकायंत्र धरायचं, सुई फिरली की आहे. गायीला काही थरथर कळत नाही, पण तिचा जीव वाचतो. धागाकर्त्याचं उलटं आहे.

तांबडी_माती

'सहावं इंद्रिय' हा शब्द धाग्यात अजून कुणी वापरला नाही, बरं झालं, कारण हे तसलं काही नाही. चुंबक हलतं, कातडीतल्या कंपन ओळखणाऱ्या पेशी जाग्या होतात. हा स्पर्शच, निमित्त नवं. आंधळ्या माणसाच्या काठीला आपण इंद्रिय म्हणत नाही. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात केविन वॉरविक यांच्या गटानं बोटातल्या चुंबकाभोवती तारेची कॉईल गुंडाळली आणि ती अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासाउंडच्या यंत्राला जोडली. भिंत जवळ आली की थरथर वाढते. हा प्रयोग मला पटतो, कारण त्यातून काहीतरी कळतं. पण कातडी कापायची गरज तिथंही मला दिसत नाही. जर्मनीत ऑस्नाब्रुक विद्यापीठात पीटर कोनिग यांनी कंबरपट्टा केला, उत्तरेकडे असलेली मोटर सतत थरथरते. लोक आठवडेच्या आठवडे घालून हिंडले. झोपताना काढला, झालं. तुम्ही नखावर चुंबक चिकटवा ना!

डाव्या_हाताचा

चिकटवलं होतं. बोटात घालण्याआधी दोन आठवडे, फेव्हिक्विकनं. नखावर थरथर बोथट लागते, मांसाची सर नाही. आणि तिसऱ्या दिवशी भांडी घासताना गळून पडतं. पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. जे काढता येतं ते काढून ठेवलं जातं. तुमचा कंबरपट्टा आता कुठल्या तरी कपाटात असेल. माझं बोट माझ्याबरोबर भाजी आणायला येतं. भाजीच्या दुकानातल्या फ्रीजची मोटर कुठे बसवलीय ते मी विचारायला गेलो नव्हतो, मला ते कळलं. काठीचं म्हणाल तर वापरणाऱ्याला जमीन काठीच्या टोकाशी लागते, तळहातात नाही. मलाही थरथर बोटात नाही, मायक्रोवेव्हच्या भोवती लागते. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

तांबडी_माती

भाजीच्या फ्रीजची मोटर कुठे आहे हे कळण्यासाठी बोट कापलं, हे वाक्य मी जपून ठेवतो.

कॉईलवाला

एक विचारायचं राहिलं. जोर कमी झालाय का चार वर्षांत? खरं सांग.

डाव्या_हाताचा

झालाय थोडा. पहिल्या वर्षी तीन टाचण्या एकाखाली एक लोंबायच्या. आता एक धरते, तीही हात हलवला की पडते. मला वाटलं, वयोमान.

कॉईलवाला

चुंबकाला वयोमान नसतं भावा. निओडिमियम चार वर्षांत आपणहून थकत नाही. तापवलंस का? साध्या प्रतीचा तुकडा ८० अंशांच्या पुढं गेला की जोर सोडायला लागतो, पण तेवढं तापलं असतं तर बोट आधी ओरडलं असतं. राहिला गंज. या तुकड्यात लोखंड भरपूर, आणि तो ओल अजिबात सोसत नाही. म्हणून त्याला वरून लेप देतात. तुझा लेप फुटलाय.

दीड_टेस्ला

सहमत. क्विन नॉर्टन नावाच्या अमेरिकन पत्रकार बाईंनी २००६ साली आपल्या बोटातल्या चुंबकाबद्दल सविस्तर लिहिलं होतं. त्यांचंही आवरण फुटलं, बोट काळं पडलं, काढायला गेले तर आत तुकडे झालेले. तुमच्या बोटाचा रंग कसा आहे?

डाव्या_हाताचा

कडेला करडी छटा आहे. वर्षभर आहे. मी ती शाईची समजत होतो.

अबोली

वर्षभर शाई!

दीड_टेस्ला

मग एमआरआय असो नसो, ते बाहेर यायला हवं. यावर चर्चा करण्यासारखं आता काही उरलं नाही. टोचणाऱ्याकडे नको, हाताच्या सर्जनकडे जा, नीट भूल घेऊन.

डाव्या_हाताचा

काल रात्री बायकोला टाचणीची गोष्ट सांगितली. काही बोलली नाही, हात ओढून दिव्याखाली धरला आणि बघत बसली. पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय, सर्जनकडे. नवीन घालण्याबद्दल मी अजून 'नाही' म्हटलेलं नाही, हे तांबडी_माती यांच्यासाठी. हल्ली टायटेनियममध्ये बंद केलेली मिळतात.

तांबडी_माती

वाचलं. मत बदललेलं नाही.

दीड_टेस्ला

काढण्याआधी एक आणि काढल्यावर एक, असे हाताचे दोन एक्स-रे घ्या. कणभर तुकडाही त्यात दिसतो. दुसरी फिल्म स्वच्छ असेल तरच एमआरआयची तारीख मागा, आणि फिल्म बरोबर न्या. आमच्यासारखे लोक तोंडी शब्दावर आत सोडत नाहीत.

कॉईलवाला

आणि निघालेला तुकडा फेकू नकोस. डबीत घालून आण पुढच्या दिवाळीत, गंज कुठनं लागला ते भिंगाखाली बघू.